कोपरावरचा बाण

नवा चष्मा नाकावर चढवून ती आरशातल्या बाईशी ओळख करून घेत होती, तेवढ्यात चष्मेवाला म्हणाला, "मॅडम, तुमच्या कोपराला काहीतरी चिकटलंय." तिला वाटलं दोरा असेल. हात वळवून पाहिला, मान वळवून पाहिली, पण स्वतःचं कोपर स्वतःला दिसायला माणूस जरा वेगळ्या घडणीचा लागतो. त्यात नव्या काचांमधून दुकानाची जमीन एका बाजूला कलली होती. शेवटी चष्मेवाल्यानेच काउंटरवरून वाकून, दोन बोटांनी ते सोललं आणि तिच्यासमोर काचेवर चिकटवलं. नखाएवढा हिरवा बाण. "घ्या, आता कुठं जायचं ते तरी कळेल," असं म्हणून तो स्वतःच्या विनोदावर मनापासून हसला. तिने मात्र झटकन मान वर करून वेळ पाहिली. दुकानातल्या घड्याळात सव्वाबारा वाजले होते. शॉट, म्हणजे प्रयोगशाळेतला लेझरचा मोठा झोत सोडायची वेळ, तीन वाजता होती.

तो बाण तिने झोपेतही ओळखला असता. असे बाण सबंध शहरात एकाच ठिकाणी असतात, अशी निदान तिची खात्री होती. प्रयोगशाळेत, तिच्या ताब्यातल्या प्रत्येक प्लेटच्या कड्यावर एकेक. या प्लेटा म्हणजे ताटाएवढ्या जाड काचा. समोरून पाहिलं तर नितळ, पण उजेडाला तिरकी धरली की अंगभर बारीक चढउतार दिसतात. लेझरचा झोत लक्ष्यावर पोहोचण्याआधी शेवटी या काचेतून जातो, म्हणून ती बसवणारी बाई म्हणजे काचबाई. हे नाव तिला बावीस वर्षांपूर्वी कुणीतरी ठेवलं आणि पगाराच्या चिठ्ठीवरचं खरं नाव वाचून आता नवी माणसं विचारतात, या कोण? प्लेट बसवताना बाण लक्ष्याच्या बाजूला ठेवायचा, मग सोलून तिथल्याच डब्यात टाकायचा. दोन माणसं लागतात. काचबाई विचारते, "बाण?" आणि शिडीवरचा तो उंच तंत्रज्ञ, ज्याला सगळे शिडीच म्हणतात, वरून सांगतो, "आत." हे "बाण? आत." त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की एकदा तिने नवऱ्याला चहात साखर घातलीस का असं विचारलं तेव्हा तो हो म्हणाला, आणि तिला ते उत्तर अपुरं वाटलं.

चष्म्याचे पैसे देऊन, बाण तळव्यावर घेऊन ती रस्त्यावर आली. फूटपाथ जरा वर आल्यासारखा, पाय जरा खाली राहिल्यासारखे. "दोन दिवस सवय होईपर्यंत जपून," चष्मेवाला मागून म्हणाला. ती जपून चालत होती, पण डोकं धावत होतं. लेझरच्या हॉलमध्ये जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा असतो, तेव्हा सोललेला बाण आतल्या शर्टाच्या कोपराला चिकटणं शक्य नाही. म्हणजे तो बाहेरच्या खोलीत चिकटला. झगा चढवण्याच्या आधी, ती टेबलावर कोपर टेकून खोक्यातून प्लेटा काढत होती तेव्हा. म्हणजे आज सकाळी बसवलेल्या सहांपैकी एक प्लेट बाणाशिवाय आत गेली. कड्यावर एक बारीक खाचही असते, बाण नसला तर ती बघून प्लेट बसवता येते, पण खाच दिसायला डोळे लागतात, आणि डोळ्यांसाठीच तर ती आज चष्म्याच्या दुकानात आली होती! हॉलला अकरा वाजता कुलूप लागलं, तीनपर्यंत काचबाईला काम नाही, म्हटलं तेवढ्यात चष्मा घेऊन येऊ. मोठी हौस.

चौथी प्लेट. दुसरी कुठली असणारच नाही. चौथ्या प्लेटच्या वेळी शिडीने वरून जाहीर केलं होतं, की आज घाईत त्याने दोन्ही मोजे डाव्या पायाचे घातलेत. ती म्हणाली, अरे मोज्यांना डावंउजवं नसतं. तो म्हणाला, मग मी इतकी वर्षं उगाच शोधत बसतो का? यावर ती इतकी हसली की तोंडावरच्या पट्टीतून वाफ वर जाऊन जुना चष्मा पांढरा झाला, आणि तशीच ती चष्म्याच्या धुक्यातून म्हणाली, "बाण?" आता रस्त्याच्या कडेला उभी राहून ती त्या धुक्यात पुन्हा शिरली. आपला आवाज ऐकू येत होता. शिडीचं हसणं ऐकू येत होतं. "आत" ऐकू येत नव्हतं. पहिल्या प्लेटचं "आत" आठवत होतं, पाचवीचं, सहावीचं आठवत होतं, चौथीच्या जागी नुसता हशा.

प्लेट उलटी बसली तर जग बुडत नाही. झोताचा ठिपका लक्ष्यावर थोडा लांबट पडतो, कलता, आणि प्लेट उलटी असली की तो आरशात पाहिल्यासारखा दुसरीकडे कलतो, एवढंच. पण लक्ष्य म्हणजे करंगळीच्या पेराएवढा सोन्याचा डबा, त्याच्या टोकाला छोटंसं भोक, आणि आत मिरीएवढ्या गोळीत रात्रभर थंड करून जमवलेला इंधनाच्या, म्हणजे हायड्रोजनच्या, बर्फाचा थर. कलता ठिपका चुकला की भोकाच्या काठाला लागणार. काठाची क्षणात वाफ, वाफेचा प्लाझ्मा, म्हणजे विजेने भारलेला तापता वायू, आणि तो प्लाझ्मा दारातच आडवा उभा राहणार. आत निघालेला प्रकाश तो उलटा फेकतो, आल्या वाटेने, लेझरच्याच महागड्या काचांवर. पाहुण्याने दारातूनच आहेर परत करावा तसं. आणि बर्फाचा थर पाच वाजेपर्यंतच टिकतो. आज थांबवलं आणि काही चूक निघाली नाही, तर चाळीस माणसांची धावपळ तिच्या शंकेपायी. थांबवलं नाही आणि चूक निघाली, तर मग बोलायलाच नको. पण खरं सांगायचं तर तिला या दोन्हींपेक्षा तिसरंच काही टोचत होतं. कसंही झालं तरी उद्या कुणीतरी प्रेमाने, पाठीवर हात ठेवून म्हणेल, काचबाई, आता जरा विश्रांती घ्या, प्लेटा दुसरं कुणीतरी बघेल. तो पाठीवरचा हात तिला आत्ताच जाणवत होता. तो झटकावा म्हणून तिने खांदा उडवला, तर शेजारून जाणारी बाई दचकून बाजूला झाली.

वाटेत इस्त्रीचं दुकान लागायचं. रोज लागायचं, रोज ती नाक वर करून एकदा वास घ्यायची. गरम कापूस, किंचित ओल, आणि त्यामागे जळण्याच्या एक पाऊल अलीकडचा वास. तिच्या अप्पांचं असंच दुकान होतं. दहा बाय आठची खोली, मोठं टेबल, त्यावर चार पदरी घोंगडी, आणि टेबलाखाली अभ्यास करणारी ती. वरून पाणी शिंपडलं जायचं तेव्हा दोनचार थेंब गणिताच्या वहीवर पडायचे. अप्पा वाटीत बोटं बुडवून पाणी झटकायचे. थेंब कुठेही पडत, एक इथे, तीन तिथे, एखादा भलताच मोठा. मग ते कापडाची घट्ट गुंडाळी करून ठेवायचे. तासाभराने उलगडलं की सगळं कापड सारखं ओलं. तिने एकदा विचारलं होतं, अप्पा, तुम्ही एकसारखं का नाही शिंपडत? "एकसारखं कुणाला जमतं?" अप्पा म्हणाले होते. "बारीक पाड, खूप पाड, पुढचं आपोआप होतं. आणि इस्त्री फिरवताना हात थांबवू नको. हात थांबला की जळलं."

बावीस वर्षांपूर्वी मुलाखतीला पाच जण बसले होते आणि एकाने तिला अडवायला विचारलं, इतका खर्च करून झोत तयार करायचा आणि शेवटी काच लावून त्याचे हजारो तुकडे करायचे, हा काय प्रकार? निर्दोष झोतच का बनवत नाही तुम्ही लोक? तिच्या तोंडून अप्पाच बोलले. निर्दोष कुणालाच जमत नाही साहेब, एकसारखा दिसणारा झोतही कुठेतरी जास्त तापलेला असतो, आणि तो डाग नेमका एकाच जागी बसून राहतो. त्यापेक्षा बारीक ठिपके पाडायचे, भरपूर पाडायचे, आणि प्रकाशाचा रंग केसभर इकडेतिकडे हलवत ठेवून ते ठिपके जागचे हलवत राहायचे. प्लाझ्माला एका जागी तापायला सवडच द्यायची नाही. इस्त्री करताना आपण हात थांबवत नाही, तसं. पाचातले दोघे हसले, एकाने स्वतःच्या शर्टाच्या कॉलरकडे पाहिलं, आणि नोकरी मिळाली. संध्याकाळी दुकानात जाऊन तिने हे सांगितलं तेव्हा अप्पांनी एवढंच विचारलं, "म्हणजे तिकडं पण कापडं आहेत का?"

आता अप्पा चौऱ्याऐंशी वर्षांचे, तिच्याच घरी. दुकान बंद होऊन जमाना झाला तरी घरची इस्त्री त्यांच्याकडे होती, महिन्यापूर्वीपर्यंत. महिन्यापूर्वी नवऱ्याच्या निळ्या शर्टावर ते हात ठेवून उभे राहिले. नुसतेच उभे. काहीतरी आठवत असल्यासारखे. तिला स्वयंपाकघरात वास आला, ती धावली, शर्टाच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. अप्पांनी डागाकडे पाहिलं आणि तिच्याकडे पाहिलं. तीच बोलली. प्रेमाने. पाठीवर हात ठेवून. "अप्पा, आता जरा विश्रांती घ्या." आणि त्याच संध्याकाळी इस्त्री उचलून जिन्याखालच्या कपाटात, ऑफिसातून वर्षानुवर्षं घरी आलेल्या अडगळीच्या मागे दडवून ठेवली. तेव्हापासून कपड्यांना इस्त्री नवऱ्याने बाहेरूनच करून आणायची असं न बोलता ठरलं असावं, कारण कपडे कडक मिळत होते. कोण नेतं, कधी आणतं, हे तिने विचारलं नव्हतं. विचारलं की पुढची खेप आपल्या गळ्यात पडते, हा संसारातला जुना नियम.

प्रयोगशाळेच्या दारात येईपर्यंत ती घामाने भिजली होती. त्या लांब पांढऱ्या बोळातून चालताना तिला अप्पांचं ते गप्प तोंड सारखं दिसत होतं, आणि स्वतःचा गोड आवाज ऐकू येत होता. स्वतःच्या आवाजाचा तिला इतका राग पूर्वी कधी आला नव्हता. एका शर्टाचं मोल ते काय. सत्तर वर्षांत किती हजार शर्ट गेले असतील त्या हाताखालून. आणि तिने एका डागावर हिशेब मिटवला. नियंत्रणकक्षाच्या दाराशी ती थांबली. तिथे भिंतीवर एक पाटी आहे, कुणीही 'थांबा' म्हणू शकतं, कारण नंतर विचारलं जाईल. शिडीने एकदा थांबवलं होतं, पडद्यावर पाखरू बसलं होतं आणि त्याला ती बिघाडाची खूण वाटली. सहा महिने सगळे त्याला बघून पंख हलवून दाखवत होते. काचबाईने बावीस वर्षांत कधी तो शब्द उच्चारला नव्हता. आत सगळे आपापल्या पडद्यांसमोर बसले होते, आणि मधल्या खुर्चीत शॉटचा प्रमुख, ज्याला ते कप्तान म्हणतात, चहाचा रिकामा पेला हातात फिरवत होता. तिच्याहून दहा वर्षांनी लहान, आणि काळजी वाटली की गुणगुणणारा. आता गुणगुणत होता.

"थांबा," ती म्हणाली.

आवाज अगदीच बारीक निघाला. कुणी ऐकला नाही. म्हणून तिने पुन्हा म्हटलं, तर तो इतका मोठा निघाला की शिडीच्या हातातला पेन्सिलींचा डबा पडला. कप्तानाने गुणगुणणं थांबवलं, एक बटण दाबलं, समोरच्या घड्याळातली उलटी गणती थबकली, आणि मगच तो खुर्ची फिरवून म्हणाला, "काय झालं काचबाई?"

तिने हाताच्या तळव्यावर आणलेला बाण पुढे केला. "हा माझ्या कोपराला होता. शर्टाच्या. म्हणजे एक प्लेट बाणाशिवाय बसलीये. मला वाटतं चौथी."

"तुम्ही खाच बघितली असेल ना?"

"आठवत नाही. आम्ही हसत होतो."

"मोज्यांमुळे," शिडी मागून अपराधी आवाजात म्हणाला.

कप्तानाने बाण घेतला, उजेडात धरला, परत दिला. "बर्फ पाचपर्यंत आहे. आरसा आत सरकवून हलक्या उजेडात सहाही ठिपके बघायला चाळीस मिनिटं. बघू." एवढंच. कुणी सुस्कारा सोडला नाही, कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही, आणि हेच तिला सर्वांत अवघड वाटलं. कुणी ओरडलं असतं तर निदान उत्तर देता आलं असतं.

चाळीस मिनिटं ती पडद्यासमोर उभी राहिली. खुर्ची दिली तरी बसली नाही. आरसा हळूहळू लक्ष्याच्या पुढ्यात सरकत होता, गोगलगाय परवडली. पहिला ठिपका आला, लांबट, डावीकडे कललेला. बरोबर. नव्या चष्म्यातून तिला त्यातले बारीक दाणे लख्ख दिसत होते, हजारो, एक उजळ, एक अंधारा, शिंपडल्यासारखे. किती वर्षांनी इतके स्पष्ट! आपण इतके दिवस हे पुसट बघत होतो हे कळून तिला लाजही वाटली आणि, अशा वेळी वाटू नये तरी, मजाही वाटली. दुसरा, बरोबर. तिसरा, बरोबर. चौथ्याच्या आधी तिने डोळे मिटले. अंधारात अप्पा निळ्या शर्टावर हात ठेवून उभे होते.

"डावीकडे," शिडी म्हणाला. मग, कुणी न विचारता, फार मोठ्याने, "आत!"

तिने डोळे उघडले. चौथा ठिपका शहाण्या मुलासारखा डावीकडे कलून उभा होता. पाचवा आणि सहावाही तसाच. सगळ्या प्लेटा बरोबर होत्या. आता तिने खुर्ची घेतली, आणि बसल्यावर पहिला विचार आला तो आता पाठीवरचा हात येणार. कप्तान उठून तिच्याकडे आलाच. "सॉरी," ती म्हणाली. "उगाच तुमची चाळीस मिनिटं. डोळे हल्ली... म्हणजे तुम्हाला वाटत असेल तर प्लेटांचं काम..."

"काय प्लेटांचं काम?"

"दुसऱ्या कुणाला."

कप्तानाला खरोखरच कळलं नाही असं दिसलं. "एकदा थांबवलंत म्हणून? अहो, थांबवलं नसतंत तर काढून घेतलं असतं." मग तो वळला आणि जाता जाता म्हणाला, "उद्या आठला पुन्हा सहा आहेत. मोजे बघून घाल म्हणावं त्याला." उलटी गणती सुरू झाली. पावणेचारला जमीन थरथरलीही नाही, नेहमीप्रमाणे फक्त एक टक्क असा आवाज आला आणि सगळे आकड्यांवर तुटून पडले. उलटा परतलेला प्रकाश शंभरात जेमतेम दोन. बाकी सगळा सोन्याच्या डब्यात गेला होता. इतका कमी उलटा प्रकाश त्यांनी यापूर्वी पाहिलाच नव्हता. शिडीने पंख हलवून तिच्याकडे बोट दाखवलं, म्हणजे आता सहा महिने तिची पाळी. ती पोट धरून हसली. पण हसता हसताच तिच्या मनात आलं, प्लेटा बरोबर होत्या तर मग हा बाण आला कुठून?

घरी ती सहाला पोहोचली. अप्पा खुर्चीत पेपर वाचत होते, इतक्या निरागसपणे की पेपर उलटा असता तरी आश्चर्य वाटलं नसतं. "अप्पा, दुपारी काय केलंत?" "काय करणार? विश्रांती." तिने चप्पल काढली, पर्स ठेवली आणि सरळ जिन्याखालचं कपाट उघडलं. जुन्या फायली, तुटका टेबलदिवा, मोडीत निघालेल्या ऑफिसच्या वस्तूंचा डबा, आणि त्यामागे इस्त्री. तिने हात लावला. कोमट होती. शेजारी, प्रयोगशाळेने कधीकाळी फेकायला काढलेली आणि तिने काटकसरीने उचलून आणलेली, तिला पार विसर पडलेली हिरव्या बाणांची गुंडाळी. निम्मी संपली होती. ती बेडरूममध्ये गेली आणि कपड्यांचं कपाट उघडलं. नवऱ्याच्या पँटच्या आत एक बाण. तिच्या दुपट्ट्याच्या टोकाला एक. उशीच्या अभ्र्यावर दोन, एकामागे एक. आणि महिनाभर तिला वाटत होतं नवरा बाहेर टाकतो, नवऱ्याला वाटत असणार ती टाकते, आणि दोघेही शहाणे, विचारतंय कोण!

ती बाहेर आली. अप्पांनी पेपर खाली केला नव्हता, पण वाचत नव्हते.

"हे बाण कशाला, अप्पा?"

पेपर जरा वर सरकला. मग त्यामागून आवाज आला. "मधेच विसरायला होतं गं. हात कुठं चालला होता तेच आठवत नाही. त्या दिवशी निळ्या शर्टाचं तसंच झालं, उभा राहून आठवत बसलो." पेपर खाली आला. "आता आधी बाण लावतो. विसरलो की बघतो, इकडं जायचंय. हात थांबत नाही मग. एकदाही जळलं नाही, बघ तू. काढायचे तेवढे राहतात एखाद्दुसरे."

तिला बोलायचं होतं. आज आपण काय काय गमावायला निघालो होतो, कुणाच्या शब्दांनी कुणाला दुखावलं, हे सगळं एका दमात. पण असलं काही अप्पांशी बोलायची त्या घरात पद्धत नव्हती. तिने टेबलावरचं सामान एका बाजूला सारलं, घोंगडी चार पदरी घातली, इस्त्री आणून वर ठेवली आणि वाटीत पाणी आणलं. बाणांची गुंडाळी शेजारी ठेवली. उद्या आठला सहा प्लेटा आहेत, हाच शर्ट धुऊन घालीन म्हणते, वाळला की द्या मला कडक करून, एवढं ती म्हणाली. "तोवर हा," अप्पा म्हणाले आणि खुंटीवरचा जावयाचा शर्ट काढून आणला, पाठीवर तपकिरी डाग असलेला निळा. तो टाकून द्यायला तिला जमलं नव्हतं आणि घालायला नवऱ्याला जमत नव्हतं. तिने वाटीत बोटं बुडवून पाणी झटकलं. थेंब कुठेही पडले, एक इथे, तीन तिथे, एक भलताच मोठा नेमका डागावर. अप्पांनी गुंडाळी उचलली, एक हिरवा बाण सोलला, जरा विचार केला आणि शर्टाच्या बाहीवर दाबून बसवला.

"बाण?" तिने विचारलं.

"इकडं," अप्पा म्हणाले आणि हात चालू केला.